काचेतला कळप

मुंजाबाची सोयरीक मोडली. मोडलीच नाही असं धरून पुढं वाचा. मुंजाबाही तसंच धरून चालला आहे.

तर मुलीचे, म्हणजे सरूचे, वडील कारभारी सकाळच्या एसटीनं कन्नडहून निघाले आणि थेट शहरात, मुंजाबाच्या उस्मानपुऱ्यातल्या कॉलेजात आले. सरूचा होकार आधीच कळला होता. पण कारभारींच्या घरात मुलगी देताना मुलगा बघत नाहीत, त्याचा कळप बघतात. मुलगा काय, पाहुण्यांपुढं कुणीही शहाणा दिसतो. मेंढरांना नाटक जमत नाही.

मुंजाबाच्या आईनं, बानाबाईनं, पोराकडं दोन कोटी जित्राबं आहेत असं सांगून ठेवलं होतं. ती खोटं बोलली नव्हती. पीएचडी म्हणजे काय, हे पोरानं तिला तसंच समजावलं होतं.

मुंजाबानं कारभारींना आणि सोबत आलेल्या आईला प्रयोगशाळेतल्या आतल्या खोलीत नेलं. खोलीत अंधार, कोपऱ्यात एक बारका लाल दिवा. फळीवर काचेचे चंबू ओळीनं मांडलेले. त्यांत गढूळ पाणी.

"कुठं हायती?" कारभारींनी विचारलं.

"ही काय, मामा. समुद्रातली शेवाळं. एकेकटं डोळ्याला दिसत नाही, पण जिवंत आहे. दोन शेपट्या हलवत पोहतं."

"आन् समुद्र कुठनं आणला?"

"पुड्यातलं मीठ बादलीत कालवून."

ज्या शहरात नळाला पाणी यायची लोक वाट बघतात, तिथं हा समुद्र कालवतो. कारभारींनी मान डोलावली.

"दूध?"

"नाही."

"लोकर?"

"नाही. विष देतात."

बानाबाई छताकडं बघू लागली.

"शिंपल्यानं ही खाल्ली आणि तो शिंपला माणसानं खाल्ला, की आधी ओठ बधिर होतात," मुंजाबा म्हणाला. "मग श्वास अडकतो."

"येवढ्याशा जीवाला इख कशापायी?"

"शिंगं नाहीत, मामा. पळायला पाय नाहीत. खायला येणाऱ्याला दुसरं काय दाखवणार? असं आपलं वाटतं. तेच शोधतोय."

कारभारी चंबूंपाशी वाकले. लांडग्यांशी त्यांची जुनी ओळख होती.

मुंजाबानं लाल दिवा मालवला. रात्रभर दिवे आणि दिवसा अंधार ठेवून त्यानं या जीवांची रात्र कॉलेजच्या वेळेत बसवली होती. बाहेर भर दुपार होती. आत काहीच दिसत नव्हतं. कुठलंही जनावर समोर आलं की कारभारी त्याच्या पाठीवर थाप मारतात. अंधारात चाचपडत त्यांनी चंबूवर तशीच हलकी थाप मारली.

चंबू निळा झाला.

आग नाही, वीज नाही. पाणीच पेटलं होतं आणि थंड होतं. त्या उजेडात कारभारींच्या मिशा दिसल्या, मग बोटं, नखांसकट. उजेड विझला. त्यांनी शेजारच्या चंबूला हात लावला. तोही निळा झाला. मग अंधारात कारभारींनी पायातल्या वहाणा काढल्याचा आवाज आला.

"भुंकतंय," ते अगदी हळू म्हणाले. "राखणीच्या कुत्र्यावाणी. तोंड नाय, तर उजेडानं भुंकतंय."

बानाबाईनं पदर डोक्यावर घेतला. तिनंही हे पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"मग, मामा?" मुंजाबानं विचारलं.

"जित्राबं लई भारी. असा कळप माझ्या बापानंबी पाह्यला नाय." कारभारी थांबले. "चारायला कधी नेली?"

"यांचं रान म्हणजे समुद्र, मामा."

"व्हय. कधी नेली?"

"मी अजून समुद्र पाहिलेला नाही."

कारभारी दर वर्षी मेंढरं घेऊन घाट उतरतात, पार खानदेशात जातात. त्यांनी वहाणा हातात घेतल्या आणि तशाच हातात धरून ते दारापर्यंत गेले.

"कळप चांगला, पर राखणदार कच्चा. ज्यानं जित्राबांमागं एक हंगाम चालून काढला नाय, त्याला आमच्यात पोरगी देत नाय. आधी चारून आण. मग बोलू."

दुसऱ्या दिवशी मुंजाबानं प्राचार्यांच्या टेबलावर अर्ज ठेवला: सदर कळप (अंदाजे दोन कोटी, सर्व विषारी, स्वभावानं गरीब) येत्या हंगामात अरबी समुद्रात चरण्यासाठी सोडण्याची व चरून झाल्यावर मोजून परत आणण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.