दुभाजकातला ओटा

विमलबाई निम्मा रस्ता ओलांडून दुभाजकातल्या ओट्यावर पोचल्या आणि तिथंच थांबल्या.

पुढचा निम्मा रस्ता चाकणकडं जाणाऱ्या गाड्यांचा. पलीकडं एहसानचं गॅरेज, मागं त्याचं घर. त्याची लेक सिदरा बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळाला न्हाऊ घालायला विमलबाईच हव्यात, असा तिचा हट्ट होता. फाट्यावरची बहुतेक पोरं त्यांच्याच पायांवर न्हायली होती.

पण याच जागी एका टेम्पोनं उडवल्यापासून दोन वर्षं त्यांनी रस्ता ओलांडला नव्हता. मोडलेला हात जुळून आला, धसका गेला नव्हता. निघताना सून म्हणाली होती, "हे आले की गाडीनं सोडतील." पण लेकाच्या, रणजीतच्या, गाडीला पार पुढच्या वळणावरून फेरा. "समोर तर जायाचंय," म्हणून त्या चपला घालून निघाल्या होत्या.

गेल्या महिन्यात फाट्यावरचा रस्ता बदलला होता. ओलांडायच्या जागी डांबर चार बोटं उंच करून वर पांढरे पट्टे मारले होते. दोन्ही कडांनी रस्ता आवळून घेतला होता, आणि दुभाजक कापून मधे माणसाला उभं राहायला हा ओटा केला होता.

एक कंटेनर आला. उंचवट्यापाशी त्याचा वेग मोडला आणि ड्रायव्हरनं गाडी थांबवली. काचेतून हात केला, जा म्हणून. विमलबाईंचे पाय उचलेनात. त्यांनीच उलटा हात केला, तूच जा म्हणून. ड्रायव्हर हसला आणि गेला.

गॅरेजमधून एहसान हे बघत होता. फडक्याला हात पुसत तो ओट्यावर आला.

"काकी, तो थांबला होता की."

"तो थांबला. मागला थांबंल का?"

"थांबंल. थांबावंच लागतं इथं."

"तू म्हणतोस. मला बघू दे."

कंपनीची बस आली. तीही थांबली. विमलबाईंनी तिलाही जाऊ दिलं. गॅरेजसमोर एक गिऱ्हाईक उभं होतं, त्याला एहसाननं लांबूनच थांबायची खूण केली.

मग एक मोटरसायकलवाला सुसाट येताना दिसला. "ह्यो काय थांबायचा न्हाई," त्या पुटपुटल्या आणि पदर घट्ट धरला. उंचवटा आला तसा त्याला ब्रेक दाबावाच लागला. त्यानं पाय टेकला.

"या आजी, सावकाश," तो म्हणाला.

विमलबाईंनी त्याच्याकडं नीट बघितलं. एहसाननं हात पुढं केला.

"धरू नगंस," त्या म्हणाल्या. "नुसता संगं चाल."

घरात एहसानच्या आईनं, रहमतबीनं, पाणी काढून ठेवलं होतं. रोज फोनवर बोलणाऱ्या दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या.

"वाळलीस गं विमल," रहमतबी म्हणाली.

"तू तर लई ताजी," विमलबाई म्हणाल्या आणि पाटावर बसून त्यांनी पाय लांब केले.

बाळ आधी किंचाळलं. त्यांनी त्याला पालथं घातलं, पाठीवर पाण्याची धार सोडली, तसं ते हळूहळू गप्प झालं.

"तुझा बापबी असाच गप व्हायचा," त्या सिदराला म्हणाल्या. दारात उभा असलेला एहसान हसून गॅरेजकडं निघून गेला.

धुरी झाली, चहा झाला. बाळ झोपलं. उन्हं डोक्यावर येत होती.

"आजी, रणजीतकाकांना फोन करू का?" सिदरानं विचारलं. "गाडी घेऊन येतील न्यायला."

विमलबाईंनी बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं.

"त्याला कशाला? उद्याच्याला पाणी जरा जास्ती तापव," त्या म्हणाल्या. "आज कोमट झालं."