परतीचा पत्ता

बारा वाजेपर्यंत चाचणीचं काम पाठवलं नाही, तर पाच वर्षांनी चालून आलेली नोकरी हातची जाणार होती. माझं संकेतस्थळ वापरणाऱ्याला लॉगिनसाठी दुसऱ्या कंपनीच्या पानावर पाठवायचं, पण त्याला तिथून परत येताच येईना. सकाळपासून एकच उत्तर: ‘परतीचा पत्ता नोंदणीशी जुळत नाही.’ टपाल कचेरीत तीस वर्षं पत्त्यांनुसार पत्रं लावलेल्या सासूबाई भिंग घेऊन सरसावल्या. “आई, तुम्हाला नाही कळायचं,” मी वैतागले. “वाचता तर येतं! त्या कंपनीकडच्या नोंदणीत ‘लोकलहोस्ट’, तुझ्या प्रोग्रॅममध्ये नुसते आकडे.” “दोन्ही म्हणजे हाच संगणक!” “घर एकच असेल गं. पण पत्रं लावणाऱ्याला घर दिसत नाही, पत्ता दिसतो.” मी आकडे काढून शब्द लिहिला. पडद्यावर ‘स्वागत’ उमटलं. मी भिंगासकट त्यांचा हात घट्ट धरला. काम पाठवताना अर्जात ‘मदत कोणाची?’ या रकान्यात लिहिलं: ‘सासूबाई. अनुभव: तीस वर्षं.’