रविवारची साक्ष

मार्थाबाईंच्या मुलाचा खून करून जामिनावर सुटलेल्याला शुक्रवारी मलकापूर स्टेशनबाहेर कुणीतरी भोसकून मारलं. रविवारी चर्च गच्च भरलं. सहा वर्षं ‘शत्रूला क्षमा करा’ शिकवणाऱ्या पास्टरांनी आज शत्रूंच्या नाशाचं स्तोत्र वाचलं आणि माईक बाईंकडे नेला. “साक्ष द्या, मावशी. प्रभूनं न्याय केला.” मंडळी आधीच हालेलुया म्हणून मोकळी झाली. बाई उठल्या. “क्षमा त मले कधी जमलीच नाही, पास्टर. पण मंगळवारी कोर्टात तो सारं कबूल करनार होता.” “मंग फाशीच झाली असती ना त्याले!” मागून एकजण म्हणाला. “फाशीचं काय घेऊन बसले, बापू? मरताना माह्या लेकरानं कोणाले हाक मारली, ते त्यालेच ठाऊक होतं. तेवढं सांगतलं असतं, त माफ केलं असतं. आता कोणाले विचारू?” आणि त्यांनी माईक पास्टरांपुढे धरला.