बेरिलला मत देऊ नका

थेल्माच्या धाकट्या मुलीने पहिल्याच नवऱ्याशी दुसऱ्यांदा लग्न केलं, त्या वर्षीची गोष्ट. लग्नाचा केक अजून संपला नव्हता आणि थेल्मा मासे-बटाट्याच्या दुकानासमोरच्या रांगेत उभी राहून मोठ्याने सांगत होती, "आमच्या बेरिलला कुणी मत देऊ नका हं! ती पोहते कसली, तरंगते!"

बेरिल तिची सख्खी धाकटी बहीण. एकसष्टाव्या वर्षी तिने इंग्लिश खाडी पोहून पार केली होती. देशातल्या उत्तम महिला खेळाडूंना दर वर्षी लोकांच्या मतांवर बक्षिसं देतात, त्यांच्या शेवटच्या यादीत तिचं नाव आलं होतं. तिच्यासमोर होत्या एक सायकलवाली आणि एक नौका वल्हवणारी. दोघींची वयं मिळूनही बेरिलएवढी होत नव्हती.

बेरिलला बक्षिसाची हाव नव्हती. तिला तलाव हवा होता. तिच्या हॅगविक गावच्या किनाऱ्यावर समुद्राच्याच पाण्याचा एक जुना तलाव आहे. ती तिथेच पोहायला शिकली आणि गावातल्या निम्म्या पोरींना तिने तिथेच शिकवलं. नगरपालिकेला तो बुजवून गाड्या लावायला जागा करायची होती. डिसेंबरात निर्णय होणार होता. एक नगरसेवक तिला हळूच म्हणाला होता, "बाई, तुम्ही टीव्हीवर बक्षीस घेताना दिसलात, तर तलावाला हात लावायची कुणाची छाती होणार नाही."

म्हणजे मतं हवी होती. पण मागणार कशी? बेरिल रोज वाऱ्यात टॉवेलाआड कपडे बदलायची, तिला त्याचं काही वाटत नसे. मत मागायचं म्हटलं की मात्र तिचे कान लाल व्हायचे. गावही तसंच. सगळ्यांना तिचा अभिमान होता आणि मत कुणीच दिलं नव्हतं. आपल्याच माणसाला मत देणं म्हणजे स्वतःच स्वतःसाठी टाळ्या वाजवणं. पाद्रीबुवा तर म्हणाले, "न्यायाने पाहिलं तर त्या वल्हेवालीला द्यायला हवं. बिचारीचं कोपर मोडलंय."

अशात थेल्मा बाहेर पडली. तलावाशेजारीच तिचं पाहुणे उतरवायचं घर होतं. मासळीवालीकडे, चर्चच्या दारात, बसच्या थांब्यावर, सगळीकडे तिचं एकच पालुपद.

"तिचं डोकं आधीच मोठं आहे. बक्षीस मिळालं तर पोहायची टोपी बसायची नाही."

पबमध्ये तर तिने गल्ल्यावरच्या नॉर्मनला धरलं. "नॉर्मन, तू बेरिलला मत द्यायचं नाहीस. समजलं?"

"मी कुणाला मत द्यायचं, ते आता तू सांगणार?"

"हो, सांगणार! तो तलाव बुजू दे. माझ्या पाहुण्यांनी गाड्या काय छपरावर लावायच्या?"

नॉर्मनने हातातला ग्लास खाली ठेवला. खिशातून फोन काढला. तिच्या डोळ्यांत डोळे घालून त्याने बेरिलला मत दिलं, आणि मग बायकोचा फोन मागवून घेतला.

पाद्रीबुवांनी वल्हेवालीचं कोपर देवावर सोपवलं. मासळीवालीने हल शहरातल्या सगळ्या चुलतभावंडांना कळवलं की इथे एक बाई आम्हाला काय करू नका ते सांगतेय. हलवाल्यांनी लीड्सला कळवलं. थेल्मा बसने शेजारच्या गावांतही जाऊन आली. बघता बघता अख्खं यॉर्कशर पेटून उठलं.

बेरिलने रविवारी थेल्माकडे चहाला जाणं बंद केलं. "सख्खी बहीण! गाड्यांसाठी!" एवढंच ती म्हणायची.

बेरिल जिंकली. लंडनमधल्या त्या झगमगत्या सभागृहात तिने बक्षीस घेतलं आणि आभार मानायचे सोडून तलावाबद्दलच बोलली. नगरपालिकेने तो विषय बैठकीच्या आधीच गुंडाळला. थेल्मा लंडनला गेली नव्हती.

बेरिल परतली तेव्हा पब भरलेला होता. तिने ग्लास उंचावला. "थेल्माला न जुमानता तुम्ही सगळ्यांनी माझा तलाव वाचवलात!"

नॉर्मन डोकं खाजवत म्हणाला, "खरं सांगू का, थेल्मा आली नसती तर मी फोनला हात लावला नसता."

"आणि मी मागायला आले असते तर?"

"तू? अगं, मी लाजेने तळघरात जाऊन बसलो असतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बेरिल ग्लास अर्धा टाकून निघाली ती थेट थेल्माच्या दारात. थेल्मा उशांच्या अभ्र्यांना इस्त्री करत होती.

"तू मुद्दाम केलंस?"

"मला गाड्यांना जागा हवी होती," थेल्मा मान वर न करता म्हणाली. "आता चहा घेणारेस, की दारात उभी राहून गारठा आत सोडणारेस?"

बेरिल आत आली. पुढे कितीदा तरी विचारलं, पण दुसरं उत्तर तिला कधी मिळालं नाही.

त्यानंतर सहा वर्षांनी, मार्च महिन्यात, बेरिल एकटीच गावभर फिरली. मासळीवालीकडे, बसच्या थांब्यावर, पबमध्ये. "शुक्रवारी अकरा वाजता कुणी चर्चमध्ये यायचं नाही," ती दरडावून सांगत होती. "नॉर्मन, तू तर अजिबात नाही. समजलं?" तिचा आवाज मध्येच फुटायचा.

शुक्रवारी चर्चमध्ये उभं राहायलाही जागा उरली नाही. हलहून दोन बसगाड्या आल्या. त्या लावायला कुठे जागा मिळेना. नॉर्मन टोपी हातात धरून बाहेर पावसात उभा होता.

थेल्मा मंगळवारी, मार्चच्या अकरा तारखेला, पहाटे वारली होती.