मालकीचा ढावलो

स्पीकर रडायला लागला आणि नवरी कोरडीच राहिली.

मिना सासरी निघाली होती. जीप तयार होती. पण बंजारा तांड्यातली पोरगी अशी मुकाट जीपमध्ये बसत नसते. ती आईच्या गळ्यात पडून ढावलो गाते, रडत रडत, उभ्या उभ्या शब्द जुळवत. आई रडतच तिला उत्तर देते. तेव्हा कुठं पोरीचा पाय निघतो. आता मिनाची आई, रुख्मिणीबाई, उत्तर देणार कशी? एकेकाळी कनेरगाव नाक्याच्या आसपासच्या तांड्यांतल्या नवऱ्या ढावलो शिकायला हिच्याकडंच यायच्या. मागच्या साली घशाचं ऑपरेशन झालं आणि गळ्यात उरली नुसती खरखर. गाणं सोडाच, पाणी मागायचं तरी बाई हातानं खुणावायची. लाजायची, दुसरं काय!

म्हणून मिनाच्या भावानं, देविदासनं, शक्कल काढली. मोबाइलमधली आईची जुनी गाणी त्यानं हिंगोलीच्या स्टुडिओवाल्या नचिकेतला नेऊन दिली. नचिकेतच्या एआयनं त्यातला आवाज उचलला आणि नवाकोरा ढावलो बनवला. आईचं उत्तर तर गायलंच, वर मिनाच्या वाट्याचंही गाऊन टाकलं. देविदास बिचारा खूश. त्या खुशीत नचिकेतनं पुढं केलेल्या करारावर न वाचताच सही ठोकली. आवाज आईचा, सही लेकाची! आठवडाभरानं देविदासनं आईचा एक जुना व्हिडिओ नेटवर टाकला, तर तो लगेच उडवला गेला. का, तर म्हणे करारानं हा आवाज आता स्टुडिओच्या मालकीचा. हे रुख्मिणीबाईच्याही कानावर गेलं.

आता तोच आवाज स्पीकरमधून येत होता. गोड, एकदम साफ. कुठं श्वास चुकत नव्हता की हुंदका अडकत नव्हता. बायका एकमेकींकडं बघत होत्या, पण मेलं रडू कुणालाच येईना. मिना आईच्या गळ्यात हात टाकून काठीसारखी उभी होती.

रुख्मिणीबाईनं पोरीचे हात सोडवले. सरळ स्पीकरकडं गेली आणि वायर उपटली.

"अहो मावशी!" स्पीकर सांभाळायला आलेला नचिकेत ओरडला. "गाणं अजून संपलं नाही!"

"माझं बी न्हाई संपलं," रुख्मिणीबाई म्हणाली.

ऑपरेशननंतर तांड्यानं ऐकलेलं तिचं हे पहिलं वाक्य. आवाज कसला, पत्र्यावर खिळा ओढावा तसा. तिनं मिनाला जवळ घेतलं आणि त्याच आवाजात ढावलो धरला. सूर फाटला. पुन्हा धरला, पुन्हा फाटला. बायकांनी तोंडात पदर कोंबले. देविदास मटकन खालीच बसला.

नचिकेतचे डोळे मात्र चमकले. "अरे, हे तर त्याहून भारी आहे!" तो माइक घेऊन पळतच आला आणि रुख्मिणीबाईच्या तोंडापुढं धरला. "थांबू नका मावशी, गा. हाही आवाज मशीनला शिकवतो."

रुख्मिणीबाई थांबली. तिनं माइककडं पाहिलं. मग आपली ओढणी दोघी मायलेकींच्या डोक्यावरून ओढून घेतली, तोंड मिनाच्या कानाला लावलं आणि उरलेला ढावलो तिथं गायली.

नचिकेत ओढणीभोवती माइक फिरवत राहिला. त्याच्या हाती एक शब्द लागला नाही. मिनानं मात्र असा टाहो फोडला, की नाक्याच्या ढाब्यावर जेवणारी माणसं उठून उभी राहिली.

आईनं कानात काय गायलं, ते मिनानं आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. कुणी फारच मागं लागलं तर म्हणते, "माझी पोरगी सासरी निघंल, तवा तिच्या कानात सांगन."