काटा नाचला तर

"अगं, आत्ताच दिलीस ना गोळी! मारतेस की काय मला?" आई ओरडली, तेव्हा कुठे धाकटी भानावर आली. गोळ्यांचं पाकीट तिने परत फळीवर ठेवलं. सकाळपासून तिचं बूड एका जागी टेकत नव्हतं.

आज लेथचा, लोखंड कातायच्या मशीनचा, निकाल होता. बाबा गेल्यावर घर थोरल्या भावाच्या नावावर झालं, तेव्हा तिने चकार शब्द काढला नव्हता. लेथ मात्र दोघांची होती. त्याच लेथवर बाबांनी तिला टर्नर केलं होतं, त्याच लेथवर तिचं पोट होतं.

थोरल्याने अटच घातली होती. "पारख करू. चांगली निघाली तर विकायची. भंगार निघाली तर तुला आंदण!"

पारख करायला म्हातारे मिस्त्री आले. ओठात सिगारेट, पण न पेटवलेली. "डॉक्टरशी तह झालाय. नुसती धरायची," असं म्हणत त्यांनी सिगारेटचं रिकामं पाकीट खिशात टाकलं. मग पत्र्याने मशीनच्या रुळाच्या टोकाचा रंग खरवडून नंबर काढला.

"तुमच्या बाबांपेक्षा थोरली आहे ही. चालवतं कोण आता?"

"मी."

"हौस हो तिची," थोरला हसला.

मिस्त्रींनी तिच्या नखांतलं काळं तेल पाहिलं.

"एकदम सरळ मशीन आहे, मिस्त्री. केसभर हलायची नाही," ती फणकारली.

"ते काटा सांगेल. काम धरणारा हा जबडा, चक, त्याला डायल लावायची. काटा थांबला तर मशीन सरळ, नाचला तर वाकडी. आधी चक काढून पुसून घेतो, मागे कचरा अडकला तरी काटा नाचतो. दादा, गाडीतून माझी पेटी आणा. ताई, घोटभर पाणी?"

धाकटी पुढे सरसावली. "पुसायचं कशाला? आधी डायल लावा ना."

"पाणी, ताई."

ती धावतच गेली आणि अर्धं पाणी सांडत परत आली. चक जागेवर होता. मिस्त्री बोल्ट आवळत होते. त्यांच्या तोंडावरून काही म्हणता काही कळेना.

थोरला पेटी घेऊन आला. डायल लागली. मिस्त्रींनी हाताने चक फिरवला आणि काटा थयथय नाचला.

"वाकलीय. गिऱ्हाईक हातही लावणार नाही."

थोरल्याने कपाळावर हात मारला. "फुकट हेलपाटा! घे बाई, तुझं धूड तुलाच लखलाभ."

धाकटीला रडूच फुटलं.

"तेल देत जा मशीनला, ताई," जाताना मिस्त्री एवढंच म्हणाले.

दोघे गेल्यावर तिने कडी लावली, डोळे पुसले, पाना घेतला आणि चक सोडवला. पहाटे तिने चकमागे सरकवलेला, गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी तुकडा तिथेच होता.

त्याच्यावर नीट घडी घातलेला आणखी एक चंदेरी कागद होता. त्याला तंबाखूचा वास येत होता.