धोंड्याचं वाण

सकाळी नऊ वाजता लोटनआबांनी दुकानाचं शटर अर्धंच उघडलं आणि पैसे घेऊन शर्यतीची गाडी ट्रॅकवर चालवू देणाऱ्या पुण्यातल्या कंपनीला फोन लावला. पाचोऱ्यात पुढे ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, मागे घर. चहा घेऊन आलेल्या पुष्पाबाई मधल्या दारात थांबल्या.

"गाडीचं नाव राहू द्या," आबा फोनवर म्हणाले. "लाल की पिवळी तेही राहू द्या. हातात खरोखर किती वेळ मिळते, ते सांगा."

पलीकडचा मुलगा सांगत गेला. एका योजनेत गाडी फार नावाजलेली, पण फेरी एकच. नीट टेकून बसेपर्यंत उतरायची वेळ. दुसरीत गाडीचं नाव कमी, फेऱ्या जास्त, शेजारी शिकवणारा, आधी तासभर शिकवणी, विमा धरून. ट्रॅक नाशिककडे. आबांनी दुसरी घेतली. जुना ट्रॅक्टर घ्यायला निघालेला माणूस विचारतो तसं त्यांनी सगळं विचारलं. पाऊस आला तर काय. ब्रेक कोण तपासतं. बघणाऱ्यांना सावली आहे का.

"आणि चालवणाऱ्याचं नाव मागून बदलता येईल ना?" हा प्रश्न त्यांनी फोन ठेवण्याआधी पुन्हा एकदा विचारला.

पुष्पाबाईंनी चहा काउंटरवर आदळला.

"जवाईले चांदीनं ताट सोडीसन मोटारनी चक्कर देतंस का? इहीन काय म्हनी?"

"म्हनू दे."

"तुम्हलेच बसनं शे त्या गाडीमा. म्हनीसन नाव बदलानं इचारी ऱ्हायनात."

आबा चहा प्याले.

अधिक महिना लागला होता. तीन वर्षांनी येणाऱ्या या महिन्यात जावयाला जेवायला बोलवायचं, पाय धुवायचे, अनारसे आणि चांदी द्यायची. त्यात हात आखडला, तर पुढचा अधिक येईपर्यंत लेकीला ऐकावं लागतं. सोनल आधीच बरंच ऐकत होती. धुळ्याला सासरी अंगणात कार उभी होती. सासरे गेल्यापासून तिच्यावर धूळ बसत होती. लग्नाआधी सोनल दुकानाचा माल भरलेला पिकअप भडगावपर्यंत एकटी नेऊन आणायची. सासूने, ललिताबाईंनी, पहिल्याच महिन्यात चाव्या कपाटात ठेवल्या होत्या. सून गाडी हाकणार आणि माझा लेक शेजारी बसणार, गल्लीत हसं होईल, असं त्या म्हणाल्या होत्या. सोनल फोनवर रडली तेव्हा पुष्पाबाईंनीच समजावलं होतं, "सोडी दे, बाई. गाडीशिवाय काय अडस?"

त्यानंतर सोनलने तो विषय आईजवळ काढला नाही.

रविवारी सोनल आणि जावई आले. प्रेमराव धुळ्याला बँकेत होते, बोलणं मोजकं. सोबत ललिताबाईही आल्या. पुष्पाबाईंनी पुरणाचे धोंडे केले, जावयाचे पाय धुतले, ओवाळलं. ताटात अनारशांच्या शेजारी आबांनी लिफाफा ठेवला. ललिताबाईंनी तो पाहिला, मग ताटात अजून काही आहे का ते पाहिलं.

प्रेमरावांनी लिफाफा उघडून वाचला. बराच वेळ वाचला. मग पाठ केल्यासारखं सरळ म्हणाले, "आबा, मला तर चारचाकी येत नाही."

पुष्पाबाईंचा घास हातातच राहिला. चांदी तर गेलीच, वर जावयाचं उणं त्याच्याच ताटात वाढलं.

"चुकलं माझं," आबा म्हणाले. "परत करून टाकू. त्याऐवजी ताट घेऊ."

"असं कसं, आबासाहेब?" ललिताबाई म्हणाल्या. रीतीभातीत त्यांना कुणी चूक काढलेली चालत नसे, आणि दुसऱ्याचीही त्या सोडत नसत. "अधिकाचं वाण आहे. ते परत करायचं नसतं, ठेवून कुजवायचंही नसतं. घरात कुणी तरी वापरलंच पाहिजे."

"घरात कुणाला येते गाडी?" आबांनी विचारलं.

सोनल पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ललिताबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग ताटाकडे, आणि अनारसा मोडला.

"बघू," त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी दुपारी आबांच्या फोनवर फोटो आला. सोनल हेल्मेट घालून गाडीत बसलेली होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर. काचेत फोटो काढणाऱ्याचं प्रतिबिंब उमटलं होतं. प्रेमराव उन्हात उभे होते, खांद्याला बायकोची पर्स. पुष्पाबाईंनी फोटो बोटांनी मोठा केला आणि लेकीचा चेहरा शोधला. हेल्मेटमुळे फक्त डोळे दिसत होते. तेवढे पुरे होते.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर ललिताबाईंचं नाव.

पुष्पाबाईंनी हात मागे घेतला. "हाई तुम्हनं काम. आते काय सांगू मी तिले? जवाईले गाडी येत नही, हाई तुम्हले म्हाईत नव्हतं का?"

"म्हाईत व्हतं."

"मंग?"

आबांनी वाजता फोन तसाच त्यांच्या हातात दिला.

"खरं शे ते सांग," ते म्हणाले. "माले कुठे सुचस एवढं? ट्रॅकवालाना नंबर बी जवाईनीच देयेल व्हता. आबा, ताटमा हाईच ठेवा म्हने, आईले वाण नाकारता येत नही."

फोन वाजतच राहिला.